काच साधी, पडदा जाड: मराठवाड्यात कॅम्परव्हॅनचा मुक्काम करणाऱ्या नवख्यांसाठी

कॅम्परव्हॅन घेतली की पहिला खर्च बहुतेकांना सुचतो तो काळ्या फिल्मचा. आत झोपायचं, कपडे बदलायचे, बायका-मुलं सोबत, मग बाहेरच्यांना आतलं दिसायला नको, हा विचार बरोबरच आहे. पण त्यासाठी काळी काच हा उपाय चुकीचा. चालत्या गाडीला ती कायद्यात बसत नाही. रात्री आत दिवा लागला की ती काही झाकत नाही. आणि दिवसा गावाच्या शिवारात काळ्या काचांची बंद गाडी उभी दिसली की गावाला शंका येते. एकांत मिळतो तो पडद्याने आणि वेळ पाळल्याने. आणि गावाला आधी कळवलं असेल तर गावच तुमचा एकांत राखतं. मराठवाड्यात आपला एकांत आणि गावाशी मोकळेपणा या दोन्ही गोष्टी एकदमच सांभाळाव्या लागतात.

निघण्याआधी: काचा तपासा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो की समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर निकाल देऊन काचेवर वरून काळी फिल्म चिकटवायला बंदी घातली, मग ती कितीही फिकी असो. कारखान्यातच रंग दिलेली काच चालते, पण तिनेही हेच ७० आणि ५० चे आकडे गाठायला हवेत.

पुढे नियम १०० मध्ये बदल होऊन १ एप्रिल २०२१ पासून प्लास्टिकचा थर असलेल्या सुरक्षा काचांना जागा मिळाली. त्याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरलेल्या टक्क्यांत बसणाऱ्या फिल्मच्या बाजूने निकाल दिला. तो कागद खिशात घेऊन महाराष्ट्रातल्या नाक्यावर वाद घालू नका. अर्धा दिवस तिथेच जाईल.

‘फिकी फिल्म लावतो, चालून जाईल’ असं दुकानदार सांगतो तेव्हा एक हिशोब करून बघा. टक्क्यांची बेरीज-वजाबाकी होत नाही, गुणाकार होतो. काच ७० टक्क्यांची आणि फिल्मही ७० टक्क्यांची असेल तर आरपार जातो ४९ टक्के प्रकाश. म्हणजे बाजूच्या काचेची मर्यादाही मोडली.

जुनी व्हॅन घेतली आणि फिल्म आधीच लावलेली असेल तर ती काढा. केस वाळवायच्या ड्रायरने एक कोपरा गरम करा आणि फिल्म काचेला जवळजवळ समांतर ठेवून सावकाश सोला. घाई केली की फिल्म फाटते आणि गोंद काचेवरच राहतो. राहिलेला गोंद साबणाच्या कोमट पाण्याने भिजवून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. मागच्या काचेवर धुकं घालवणाऱ्या बारीक तांबूस रेघा असतील तर तिथे ब्लेड मुळीच नको. रेघांच्या दिशेनेच सोला. एक रेघ तुटली की तेवढा पट्टा तापायचा थांबतो.

राहण्याच्या भागात अॅक्रिलिकच्या दुहेरी खिडक्या असतील तर त्यांना फिल्म लावूच नये, कायदा बाजूला ठेवला तरी. फिल्ममुळे अॅक्रिलिक जास्त तापतं, वाकतं, त्यात बुडबुडे येतात, बारीक तडे जातात. काच पुसायचा अमोनियावाला किंवा स्पिरिटवाला स्प्रेही त्याला चालत नाही. पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब आणि मऊ फडकं पुरेसं आहे.

पडदे: दोन थर लागतातच

पातळ जाळीच्या पडद्याचा आणि काळ्या काचेचा नियम एकच: ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूचं दिसतं. दुपारी बाहेर ऊन असतं म्हणून आतलं दिसत नाही. सूर्य बुडाला, तुम्ही आत दिवा लावला की सगळं उलटं होतं. तुम्हाला बाहेर काळोख दिसतो आणि बाहेरच्याला तुमचं जेवणाचं ताटसुद्धा दिसतं. नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते, कारण आतून बघणाऱ्याला काच काळीच दिसत राहते.

म्हणून पहिला थर दिवसासाठी जाळीचा. जाळी पांढरी घ्या. पांढरी जाळी बाहेरचं ऊन परत फेकते, त्यामुळे आतलं कमी दिसतं. काळ्या जाळीतून तुम्हाला बाहेरचं छान दिसतं, पण बाहेरच्यांनाही आतलं तितकंच दिसतं. पैठणच्या नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या काठाला मुक्काम असेल तर डासांसाठी हा थर तसाही हवाच.

दुसरा थर रात्रीसाठी, जाड ब्लॅकआउट कापडाचा. पडद्याच्या कापडाचा पन्हा साधारण ५४ इंच असतो. रुळावर सरकणारा पडदा शिवायचा असेल तर रुळाच्या लांबीच्या दीडपट कापड घ्या, वर-खाली दुमडीसाठी ३-३ इंच सोडा आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना २-२ इंच जास्त झाकेल असा बेत करा. शिंप्याकडे मापाचा कागद न्या, नुसते आकडे सांगू नका. व्हॅनच्या खिडकीला काटकोन क्वचितच असतो.

पडद्याची खालची कड गाडीच्या पत्र्याला चिकटून राहावी म्हणून दुमडीत दर ६ इंचांवर १० मिलिमीटर व्यासाचं, ३ मिलिमीटर जाडीचं निओडिमियम चुंबक शिवून घ्या. आधी साधं चुंबक लावून बघा, कारण आतलं अस्तर प्लायवूडचं किंवा फायबरचं असेल तर चुंबक धरणार नाही. तिथे टिचबटणं किंवा वेल्क्रो लावा. वेल्क्रोचा गोंद एप्रिल-मेच्या उन्हात सुटतो, म्हणून पट्टी नुसती चिकटवू नका, बारीक स्क्रूने बसवा.

समोरच्या काचेला चांदीसारखी चमकणारी, बुडबुड्यांची इन्सुलेशन शीट घ्या, पत्र्याच्या छताखाली लावतात तीच. वर्तमानपत्र काचेवर आतून धरून आकार काढा, शीट त्या आकारापेक्षा १ सेंटिमीटर मोठी कापा म्हणजे ती दाबून बसते, आणि कडेला कापडी पट्टी शिवा. मधून दोन तुकडे करा. एक अखंड तुकडा गादीखाली ठेवता येत नाही आणि घाईत निघतही नाही. उष्णता अडवायला काचेबाहेरचं आवरण जास्त चांगलं, पण रात्री ते काढायला खाली उतरावं लागतं. आम्ही दिवसा बाहेरून आणि रात्री आतून हीच पद्धत सांगतो.

उन्हाळ्यात आणखी एक जपायचं. गडद कापड बंद काचेला चिकटून पूर्ण उन्हात राहिलं की मधली हवा कोंडून तापते. अॅक्रिलिकची खिडकी असेल तर ती वाकू शकते. पडद्याची उजळ बाजू काचेकडे ठेवा आणि खाली दोन बोटं फट सोडा. पडदा शेगडीपासून किमान दीड फूट लांब, बांधून ठेवलेला असावा. गॅस पेटलेला असताना छताची खिडकी उघडी ठेवा. फरशीजवळची हवा जाण्याची झडप कधीच झाकू नका, कारण गळालेला एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खालीच साचतो. एकांतासाठी गाडी हवाबंद करणं जिवावर बेतू शकतं.

गाडी चालू करायच्या आधी सगळे पडदे गोळा करून बांधायचे. सगळे, मागच्या काचेवरचासुद्धा.

घरासमोरची चाचणी

पहिल्या सहलीआधी एका रात्री घरासमोरच हे करा. अंधार पडला की सगळे दिवे लावून एकाने आत नेहमीसारखं वावरायचं आणि दुसऱ्याने दहा फुटांवरून गाडीभोवती फिरायचं. तीन गोष्टी हमखास सापडतात: ड्रायव्हरच्या दाराच्या काचेवरची तिरकी फट, सरकत्या दाराच्या वरची रेघ आणि पडद्यावरची सावली.

सावलीचं नीट समजून घ्या. दिवा एका भिंतीला, माणूस मध्ये आणि पडदा समोर असला तर कपडे बदलणाऱ्याची पूर्ण आकृती पडद्यावर उमटते, पडदा कितीही चांगला दिसत असला तरी. दिवा खिडकीच्याच वर, आतल्या बाजूला तोंड करून लावला की सावली मागच्या बंद भिंतीवर जाते. छतामधोमध एकच मोठा पांढरा दिवा असेल तर त्याऐवजी खिडक्यांच्या वर छोटे पिवळे एलईडी लावा. हे काम तासाभरात होतं आणि त्याने नव्या पडद्यांपेक्षा जास्त फरक पडतो.

जागा निवडणं

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. तरी मराठवाड्यात मुक्काम बहुतेक वेळा पर्यटन महामंडळाच्या निवासांची आवारं, कृषी पर्यटन केंद्रं, देवस्थानांचे भक्तनिवास, मोठे ढाबे, पेट्रोलपंप आणि ओळखीच्या माणसाचं शेत अशा जागी होतो. जागेगणिक मोकळेपणा आणि एकांत यांचं प्रमाण बदलतं.

ढाब्यावर आणि पंपावर तुमच्याकडे कोणी बघत नाही, पण रात्रभर ट्रक येतात आणि हेडलाइट थेट काचेवर पडतात. भक्तनिवासाच्या आवारात सुरक्षितता चांगली, एकांत नाही. यात्रेच्या दिवसांत तर तिथे गाडीत राहण्याचा विचारच सोडा. तुळजापूरला शारदीय नवरात्र आणि कोजागरी, पैठणला नाथषष्ठी, वेरूळ, औंढा नागनाथ आणि परळीला महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार, लोह्याजवळ माळेगावला मार्गशीर्षातली खंडोबाची यात्रा. या दिवसांत दहा-पंधरा किलोमीटर अलीकडे मुक्काम करा आणि दर्शनाला सकाळी जा. अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-जंक्शनलाच थांबतात, लेणी तिथून ४ किलोमीटर आहेत. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. त्या दिवशी वाहनतळावर तुमची गाडी एकटीच उरते, हे मुक्काम ठरवताना लक्षात घ्या. गौताळा औट्रमघाट अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबू नका.

शेतात थांबायचं तर मालकाला विचारून, आणि गाडी मुरमावर. काळ्या मातीवर एक सर पडली की जड व्हॅन बसलीच. मग ट्रॅक्टर येतो, अर्धं गाव जमतं, आणि गाडी निघतेसुद्धा. फक्त डिझेलचे पैसे आठवणीने द्या, ते घ्यायला नाही म्हणाले तरी.

दिवस मावळायच्या किमान एक तास आधी पोचा. अंधारात आलेली अनोळखी गाडी आणि उजेडात आलेली अनोळखी गाडी या गावासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गाडी कशी लावायची

आपल्याकडे व्हॅनचं सरकतं दार डाव्या बाजूला असतं. तीन-चार व्हॅन एकाच दिशेने ओळीत लावल्या की तुमचं दार डावीकडच्या गाडीच्या उजव्या अंगाकडे उघडतं. म्हणजे तुमच्या अंगणातून शेजाऱ्याची उजवी खिडकी दिसते, आणि बहुतेक गाड्यांत तिथेच ओटा किंवा पलंग असतो. उपाय साधा आहे. उजव्या खिडकीला जाळी कायम लावलेली ठेवा आणि जागा असेल तर गाडी एका गाडीच्या निम्म्या लांबीने पुढे किंवा मागे सरकवून लावा, म्हणजे दार शेजाऱ्याच्या खिडकीसमोर येत नाही. ब्रिटनमधल्या कॅराव्हॅन तळांवर आगीच्या भीतीने दोन गाड्यांत ६ मीटर अंतर ठेवतात. आपल्याकडे कोणी मोजायला येत नाही, तरी तेवढं ठेवा. आगीसाठी ते हवंच, आणि बोलणं ऐकू जाऊ नये म्हणूनही.

गावाकडे पाठ करून गाडी लावू नका. दार आणि खुर्च्या गावाच्या किंवा मालकाच्या घराच्या दिशेने, झोपायची बाजू शेताकडे. गाडीचं तोंड मात्र बाहेर पडायच्या वाटेकडे.

पहिला अर्धा तास

पोचल्याबरोबर गावाची शंका दूर करायला हवी. का, ते बघा. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. अशा अफवा मोबाइलवरून अजूनही फिरतात. बंद काचांची, परजिल्ह्याच्या नंबरची मोठी गाडी पोरांच्या शाळेच्या वाटेवर उभी असेल तर कुणाच्या मनात काय येईल, हे गाडीत बसून कळत नाही. म्हणून गाडी लावली की लगेच ही कामं करा:

१. इंजिन बंद, सगळ्या काचा खाली, सरकतं दार पूर्ण उघडं. जाळीसुद्धा बाजूला. पहिला अर्धा तास आत लपवण्यासारखं काही नाही हे दिसू द्या.

२. दोघांपैकी एकाने चालत जाऊन जागेच्या मालकाला भेटायचं, मग पोलीस पाटलांना. ते घरी नसतील तर सरपंचांना. सांगायच्या गोष्टी पाचच: नाव, गाव, गाडीचा नंबर, किती माणसं, कधी निघणार. मोबाइल नंबर द्या, त्यांचा घ्या.

३. मुक्काम एका रात्रीपेक्षा जास्त असेल तर पोलीस ठाण्यात त्या गावाची जबाबदारी असलेल्या बीट अंमलदारांनाही फोनवर कळवा. अडचणीसाठी ११२ हा आपत्कालीन नंबर आहेच.

४. पाण्याचं विचारा, गृहीत धरू नका. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्या मुलखात तुम्ही आहात. शंभर लिटरची टाकी गावच्या हापशावर किंवा टँकरवर भरायची नाही. ती शहरातून किंवा पेट्रोलपंपावरून भरून आणा. टंचाईच्या महिन्यांत बाहेर उभं राहून गाडी धुतली तर गाव काही बोलणार नाही, पण मनात ठेवेल.

येणारे-जाणारे

कोणीतरी येणारच. “कुण्या गावचे पावणे?”, “इकडं कुठं निघालाव?” अशी सुरुवात होते. ही चौकशी म्हणजे उलटतपासणी नाही. तुम्हाला कुठे बसवायचं ते ठरवण्याची ती रीत आहे. गाव सांगा, कुणाकडे आलात ते सांगा. आडनाव, पगार, लेकरं किती, इथपर्यंत प्रश्न जातील. सगळ्यांची उत्तरं द्यायची सक्ती नाही, “चालतंय बघा, पोटापुरतं” एवढ्यावर कोणी रागावत नाही. गाडीची किंमत मात्र सांगू नका, आत काय काय आहे याची यादीही नको.

गाडी आतून बघायची इच्छा सगळ्यांना असते, बायकांना ओटा आणि पोरांना वरचा पलंग. दाखवा. पण वेळ तुम्ही ठरवा: दिवेलागणीच्या आधी, एका वेळी दोघं-तिघं. झोपायच्या भागाला आतला एक आडवा पडदा आधीच ओढून ठेवा, म्हणजे स्वयंपाकाचा भाग दाखवला तरी गादी-कपडे झाकलेले राहतात. पोरं एकटी आत घ्यायची नाहीत, त्यांच्या घरचं मोठं माणूस सोबत हवं. हा नियम एकदाही मोडू नका. चॉकलेटं आणि पैसे वाटू नका, दुसऱ्या दिवशी चाळीस पोरं दाराशी असतील. बायकांचे, घरांचे, शेतात काम करणाऱ्यांचे फोटो आणि रील विचारल्याशिवाय नाही. आपल्या खिडकीत कोणी डोकावलेलं आपल्याला खपत नाही, तर त्यांच्या अंगणावर ड्रोन फिरवणं त्यांना का खपावं?

चहाला नाही म्हणू नये, अर्धा कप घ्या. खरंच जमत नसेल तर “आज न्हाई तात्या, सकाळी येतो” म्हणा आणि सकाळी खरंच जा. लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला शिवारात असाल तर भज्जी, आंबील आणि उंडे खायला तुम्हाला हाक येणारच. त्या दिवशी पडदे ओढून आत बसणं वाईट दिसतं, त्या दिवसाचा एकांत सोडून द्या. परतफेड पैशाने करू नका. दूध, भाकरी, हुरडा त्यांच्याकडून बाजारभावाने विकत घ्या.

मोकळेपणा कुठे थांबतो तेही पहिल्याच संध्याकाळी सांगून टाका. बंद दार म्हणजे ‘आता नको’ ही खूण तळावरच्या व्हॅनवाल्यांना कळते, गावाला ती माहीत नसते. त्यामुळे तोंडाने बोला: “आम्ही नऊला झोपतो, सकाळी सातनंतर या, चहा मांडतो.” मराठवाड्यात बोलून सांगितलेली वेळ पाळली जाते. न बोलता ओढलेला पडदा मात्र कुणाला तरी तोडल्यासारखा वाटतो.

रात्र

क्रम असा ठेवा: आधी जाड पडदे, मग दिवे. उलट केलं तर ती दोन मिनिटं सगळ्यांना सगळं दिसतं. छत्रीखालचा, म्हणजे गाडीच्या बाजूला बाहेर ओढायच्या कापडी छताखालचा दिवा पिवळा, खाली तोंड केलेला, आणि दहाच्या आत बंद. गाणी, जनरेटर त्याआधीच बंद. आतल्या कपड्यांची दोरी गाडी आणि छत्री यांच्या मधल्या बाजूला बांधा, रस्त्याच्या बाजूला नको. अंघोळीचा छोटा तंबू लावत असाल तर त्यात टॉर्च वर टांगू नका, सावलीचा तोच नियम कापडाच्या तंबूला दुप्पट लागू होतो.

रात्री कोणी दार वाजवलं तर दार न उघडता खिडकीची वरची दोन इंच काच खाली करून बोला. समोरचा पिऊन आला असेल तर वाद नको, मालकाला किंवा पोलीस पाटलांना फोन करा. समोरच्या काचेची शीट अर्ध्या मिनिटात निघायला हवी, किल्ली ठरलेल्या जागी आणि पुढच्या सीटपर्यंतची वाट मोकळी.

शेजारी दुसरी व्हॅन असेल तर

पोचल्यावर एकदा नमस्कार, दोन शब्द, आणि परत आपल्या जागेवर. त्यांच्या गाडी आणि छत्रीमधून पाणवठ्याकडे जाऊ नका, वळसा घ्या. पडदे ओढलेल्या गाडीवर थाप मारायची ती फक्त गॅसचा वास, आग किंवा आजारपण असेल तरच. तुमचा कॅमेरा त्यांच्या दाराकडे तोंड करून असेल तर बंद करा.

निघताना

सांडपाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडायचं नाही. शौचालयाची टाकी फक्त शौचालयातच रिकामी करायची, त्यासाठी पुढच्या मुक्कामापर्यंत धीर धरा. पडदे बांधा, मागची काच मोकळी करा, जागेवर एकदा चालून बघा. मग मालकाचा निरोप घेऊन पोलीस पाटलांना “निघालो” म्हणून फोन करा. तुम्ही गेलात हे त्यांना कळलं नाही तर पुढच्या रात्री कोणीतरी रिकाम्या शिवारात तुमची गाडी शोधत फिरेल.